बर्फावरचा मोठा तंबू सुरक्षितपणे कसा तापवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोकं पाडून गळाने मासे धरताना एकट्याने बसायच्या छोट्या शेल्टरबद्दल सूचना भरपूर सापडतात. चार ते आठ जण मावतील अशा मोठ्या तंबूबद्दल मात्र काही समज असे पसरलेत की ऐकायला बरोबर वाटतात आणि नेमके तेच अंगाशी येतात. खालची उत्तरं अशा मोठ्या जागांसाठी आहेत: हब तंबू (प्रत्येक भिंत मधल्या सांध्याला धरून बाहेर ओढली की ताठ होणारे), दोन जोडून केलेले लांब तंबू, लाकडी किंवा चाकांवरच्या झोपड्या. हीटरसोबत आलेलं माहितीपत्रक काही वेगळं सांगत असेल तर माहितीपत्रकाचं ऐका.

तंबू मोठा आहे, आत हवा भरपूर. मग झडपा, म्हणजे हवेच्या खिडक्या, उघड्या कशाला ठेवायच्या?

हा हिशोब एकदा करूनच बघा. ३.६ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि २.१ मीटर उंच तंबूत साधारण २७ घनमीटर हवा मावते. त्यात ६ किलोवॅटचा, म्हणजे ताशी साधारण २०,००० बीटीयूचा (हीटरच्या खोक्यावर असतं ते उष्णतेचं एकक) प्रोपेन हीटर लावला. पूर्ण ताकदीवर तो तासाला ४०० ग्रॅमच्या आसपास प्रोपेन जाळतो आणि त्यासाठी सुमारे एक घनमीटर ऑक्सिजन खातो. तंबू अगदी हवाबंद धरला, तर आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला पाऊण तास पुरतो. आत बसलेल्यांचा श्वास यात धरलेलाच नाही.

मोठ्या तंबूत हवा जास्त असते हे खरं, पण त्याला ज्योतही मोठी लागते. दोन्ही बरोबरीने वाढतात, म्हणून मोठेपणाचा फायदा कागदावरच राहतो. कापडी तंबू एरवी पूर्ण हवाबंद नसतो, हेही मान्य. पण वारा पडलाय, झालरीवर (तंबूच्या खालच्या काठाचं बर्फावर पसरलेलं कापड) चहूबाजूंनी बर्फ लोटलाय, कापड आतून गोठलंय, अशा रात्री तो हवाबंद होण्याच्या बराच जवळ जातो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते, आणि तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार व्हायला लागतो.

झडपा किती आणि कुठे?

दोन तरी हव्यात. एक खाली, एक वर, आणि शक्यतो समोरासमोरच्या बाजूंना. गार हवा खालून येते, वापरलेली गरम हवा वरून जाते. वरची एकच झडप उघडली तर हवेची ये-जा नीट होत नाही, आणि वारा उलटा असला तर त्याच झडपेतून तो आत ढकलतो. किती चौरस सेंटिमीटर मोकळी जागा हवी ते हीटरच्या माहितीपत्रकात असतं. तो आकडा एका हीटरसाठी असतो. दोन हीटर लावले तर बेरीज करायची. झडपेला जाळी असेल तर खरी मोकळी जागा दिसते त्याहून बरीच कमी असते.

आता एक गोष्ट, जी माहितीपत्रकात सहसा नसते. वरच्या झडपेच्या जाळीकडे तासाभराने टॉर्च मारून बघा. बाहेर जाणाऱ्या हवेतलं बाष्प जाळीच्या दोऱ्यांवर धरतं, आधी पांढरी लव दिसते, मग एकेक घर बुजत जातं. झडप उघडी आहे असं सगळ्यांना वाटत असतं आणि ती केव्हाच बंद झालेली असते. खालची झडप बाहेरून उडत आलेल्या भुरभुरीत बर्फाने बुजते. हातमोज्याने झटकायला अर्धा मिनिट लागतो. हे काम कोणाचं ते आधीच ठरवून टाका, कारण सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

पण झडपा उघड्या ठेवल्या तर ऊब राहील का? हीटर किती ताकदीचा लागेल?

राहील, फक्त तिचा खर्च आधी धरायला हवा. लोक झडपा बंद धरून हीटर निवडतात, मग गारठा वाटला की झडपा बंद करतात. हिशोब उलटा करा.

वरचाच तंबू घ्या. भिंती आणि छत मिळून सुमारे ४३ चौरस मीटर कापड. बाहेर उणे २०, आत अधिक १० अंश सेल्सियस, म्हणजे फरक ३० अंशांचा. एकेरी कापडातून दर चौरस मीटरला दर अंशामागे ढोबळमानाने ६ वॅट उष्णता जाते: ४३ × ६ × ३० म्हणजे पावणेआठ किलोवॅट. मधे अस्तर भरलेल्या गोधडीसारख्या कापडात हीच गळती निम्म्यावर येते, म्हणजे चार किलोवॅटच्या आत. आता हवा धरा. ताशी १०० घनमीटर ताजी हवा ३० अंशांनी तापवायला साधारण १ किलोवॅट लागतो. म्हणजे अस्तरवाल्या तंबूत सगळं मिळून ५ किलोवॅट, सुमारे १७,००० बीटीयू. जोराचा वारा असेल तर आणखी थोडं.

या आकड्यांवरून माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोठ्या हीटरवर घालण्याआधी अस्तराच्या कापडावर घाला. झडपांमधून जाणारी ऊब एकेरी कापडातून जाणाऱ्या उबेपुढे किरकोळ आहे. आणि आत टी-शर्टवर बसायचा हट्ट सोडला, ५ ते १० अंशांवर जाकीट घालून बसलात, तर ज्योत लहान, इंधन कमी, घामही कमी.

कोणत्या प्रकारचा हीटर घ्यावा?

पहिला प्रश्न एकच: जळून झालेला धूर जातो कुठे?

सगळ्यात बरे ते हीटर, ज्यांची ज्योत बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेर सोडते. तंबूसाठी यात डिझेलवरचा एअर हीटर येतो. त्याची पेटी तंबूबाहेर ठेवायची आणि जाड नळीतून फक्त गरम हवा आत घ्यायची. पाच किलोवॅटचा हीटर ताशी अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल खातो. १२ व्होल्टची बॅटरी लागते, आणि सुरू होताना तो सर्वात जास्त वीज ओढतो, म्हणून दमलेली बॅटरी नेमकी तिथेच दगा देते. बंद करताना बटणाने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत थांबा. तार उपटून बंद केला तर आतली उष्णता तिथेच अडकते आणि हीटर खराब होतो. धुराची नळी तंबूच्या झालरीपासून लांब, वारा वाहत जातो त्या बाजूला तोंड करून सोडा, आणि गरम हवेसाठी पेटी जिथून हवा ओढते त्या तोंडापासूनही दूर. ही दोन तोंडं शेजारी शेजारी ठेवून लोक स्वतःचाच धूर नळीने आत आणतात. डिझेल हिवाळी प्रतीचं हवं. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठून गाळणी बुजवून टाकतं.

झोपडीत भिंतीत बसवलेली, बाहेरून हवा घेणारी प्रोपेनची भट्टी याच वर्गातली.

त्यानंतर येतात धुराडं नसलेले, सहज हलवता येणारे प्रोपेनचे हीटर. सगळ्यात जास्त हेच वापरले जातात, कारण उचलायला सोपे आणि स्वस्त. जागं असताना, झडपा उघड्या ठेवून, अलार्म लावून वापरले तर चालतात. मात्र सिलिंडरच्या डोक्यावर बसवायचे तव्यासारखे उघडे हीटर असतात ते फक्त बाहेरसाठी बनवलेले आहेत. मोठा तंबू म्हणजे ‘बाहेर’ नव्हे.

रॉकेलचा वातीचा हीटर ऊब चांगली देतो, पण त्याचं धुराडं नसतं, वात नीट कापलेली नसेल तर काजळी धरतो, आणि तंबूत रॉकेल भरताना सांडण्याची भीती कायम. मी तो मोठ्या तंबूसाठी सुचवणार नाही.

‘घरात वापरायला योग्य’ असं खोक्यावर लिहिलंय. मग झालं ना?

अशा हीटरमध्ये बहुधा ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारी पायलट ज्योत (मुख्य ज्योतीशेजारची सतत जळणारी छोटी ज्योत) असते. ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर आला की ती ज्योत जागची हलते आणि हीटर बंद पडतो. चांगली सोय आहे. पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरमध्ये कोळिष्टक अडकलं, जाळी फाटली, ज्योत पिवळी पडली, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होतो, आणि त्या पायलटला त्याचा पत्ता नसतो. उंच डोंगरातल्या तळ्यावर उलटी अडचण येते: हवा विरळ असल्याने हीटर विनाकारण बंद पडत राहतो. अशा वेळी काही जण ती पायलट निकामी करून टाकतात. ते मात्र कधीही करू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोणता घ्यावा आणि कुठे लावावा?

घरगुती अलार्म बहुतेक करून गोठणबिंदूच्या वरच्या तापमानासाठी बनवलेले असतात. कॅरॅव्हॅन किंवा बोटीसाठी असलेला घ्या. त्यांची चाचणी जास्त कठोर तापमानात होते. बॅटरी लिथियमची टाका, साधी बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. दर वेळी हीटर पेटवण्याआधी चाचणीचं बटण दाबा.

जागा म्हणजे बसलेल्या माणसाच्या नाकाची उंची, हीटरपासून काही अंतरावर, झडपेच्या तोंडाशी नाही. हा वायू जड असतो, जमिनीलगत साठतो, असा समज आहे. त्याचं वजन जवळजवळ हवेइतकंच आहे, तो सगळीकडे मिसळतो. जमिनीलगत साठतो तो प्रोपेन. तो हवेच्या दीडपट जड आहे. झोपडीत प्रोपेनचा अलार्म लावायचा असेल तर तो मात्र खालीच हवा.

अलार्म लगेच वाजेल अशीही अपेक्षा ठेवू नका. अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांत वाजतो, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. मधल्या काळात वायू अंगात भिनत असतोच. आकडा दाखवणारा अलार्म घेतलात तर तो वाजायच्या आधीच चढता आकडा दिसतो. थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

विषबाधा झाल्याचं कसं ओळखायचं?

डोकं दुखतं, भोवळ येते, मळमळतं, हातपाय गळाल्यासारखे होतात, विचार सुचेनासा होतो. अडचण अशी की थंडीत दिवसभर बसून, कमी पाणी पिऊन, वर दारू घेतली असेल तर असंच काहीसं वाटतं. म्हणून दोन खुणा लक्षात ठेवा: एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागणं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं. सोबत कुत्रा असेल तर त्याच्याकडेही बघा.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. शंका आली की सगळे बाहेर. हीटर बंद करायला, गळ काढायला, फोन शोधायला थांबायचं नाही. माणसं मोजायची. मग आपत्कालीन सेवेला फोन. बाहेर थंडी आहे म्हणून गाडीत बसलात तरी चालेल, फक्त गाडीचा धूर तंबूकडे किंवा काचेकडे येत नाही ना ते बघा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. माणूस कोसळायच्या बेतात असताना आकडा ९८ दिसू शकतो. बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात तेवढं होतं.

रात्री झोपताना हीटर चालू ठेवला तर?

धुराडं नसलेला असेल तर नाही. अगदी मंद करूनही नाही. झोपेत डोकेदुखी जाणवत नाही, झडप बुजलेली दिसत नाही, ज्योत पिवळी पडलेली कळत नाही. उणे तापमानाची झोपायची पिशवी, खाली जाड फोम, आणि हीटर बंद. बाहेर धूर सोडणारा हीटर असेल तर अलार्म लावून, झडपा उघड्या ठेवून झोपता येतं. तरी आठ जणांत एकाने आळीपाळीने जागं राहावं असं माझं म्हणणं, थोडं जुन्या वळणाचं वाटलं तरी.

लाकडाचा स्टोव्ह कसा?

ऊब कोरडी, मन प्रसन्न, आणि कटकटी भरपूर. तंबूला धुराड्यासाठी उष्णता सहन करणारी पट्टी कारखान्यातूनच बसवलेली हवी. साध्या कापडाला भोक पाडून पत्रा लावणं म्हणजे आगीला आवतण. धुराड्याच्या टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी हवी आणि तीही काजळीने बुजते. स्टोव्हचे पाय थेट बर्फावर ठेवले तर एकेक पाय कमीजास्त रुततो, स्टोव्ह कलतो आणि धुराड्याचा सांधा निसटतो.

सर्वात वाईट वेळ म्हणजे आग विझत येतानाची. धुराडं गार होतं, वर ओढ राहत नाही, आणि निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तंबूतच उतरतो. लाकूड रात्रभर पुरावं म्हणून हवेची खिट्टी बंद करून ते धुमसत ठेवायची सवय इथे घातक आहे.

आणि कोळशाची शेगडी?

नाही. झडपा उघड्या ठेवूनही नाही, ‘फक्त हात शेकायला’ही नाही, विझत आलेली तर मुळीच नाही.

तंबूत चहा-जेवण केलं तर?

स्टोव्ह हा दुसरा हीटरच समजा आणि झडप आणखी उघडा. बर्फ वितळवायला गार भांडं ज्योतीवर ठेवलं की ज्योत भांड्याच्या बुडाला लागून थंड होते आणि अर्धवट जळते. त्या वेळी विषारी वायू जास्त निघतो. शक्य असेल तर स्वयंपाक दाराच्या तोंडाशी किंवा बाहेर करा.

थंडीत सिलिंडर अर्धा भरलेला असून हीटर मंद का होतो?

द्रव प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. अधिक २० अंशांना सिलिंडरात ८ बारच्या आसपास दाब असतो, उणे ३० ला तो दीड-पावणेदोन बारवर येतो. शिवाय गॅस निघताना द्रव स्वतःच गार होतो. लहान सिलिंडरवर मोठा हीटर लावला की बाहेरून दहिवर धरतं आणि ज्योत बसते. उपाय म्हणजे मोठा सिलिंडर. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळायचं थांबवतो, त्यामुळे ब्यूटेन मिसळलेला गॅस बर्फावर निरुपयोगी. सिलिंडर ज्योतीने किंवा हीटरसमोर ठेवून तापवू नका.

९ किलोचा भरलेला सिलिंडर ३ किलोवॅटवर ४० तासांच्या आसपास चालतो. तो बाहेर, उभा ठेवा आणि नळी आत घ्या. काही हीटरना लांब नळीसोबत गाळणी लागते. नळीतला तेलकट अंश बर्नरपर्यंत पोचून तो चोंदवतो. सांधा साबणाच्या पाण्याने तपासायचा तो निघण्यापूर्वी, घरीच, कारण बर्फावर ते पाणी बुडबुडा यायच्या आधी गोठतं. पुन्हा न भरायचे छोटे सिलिंडर काढल्यावर त्यांची झडप कधी कधी नीट बसत नाही. कानाजवळ धरून फुसफुस ऐका, आणि काढलेला सिलिंडर तंबूत ठेवू नका.

छतावरून पाणी टपकतं. तंबू फाटलाय का?

बहुधा नाही. १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. मघाचा ६ किलोवॅटचा हीटर तासाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी आत सोडतो. ते गार कापडावर धरतं आणि टपकतं. वरची झडप मोठी केली की टपकणं कमी होतं. भिंती भराभर ओल्या होत असतील तर हवा अडली असं समजा. अलार्मइतका भरवशाचा नाही, पण फुकटचा इशारा आहे.

डोकं तापतं आणि पाय गारठतात. हीटर वाढवू का?

नको. गरम हवा छताशी जमलेली असते. बॅटरीवरचा छोटा पंखा छताजवळ, तोंड खाली करून टांगा. पायाखाली फोम घाला. त्या फोमला हीटरपासून लांब ठेवा, तो पेटण्याआधी वितळून चिकटतो.

हीटर ठेवायचा कुठे?

जाड फळीवर, दारापासून लांब, भिंतीपासून माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर. वाऱ्याच्या झोताने भिंत आत किती फुगते ते बघून अंतर मोजा, शांत हवेत मोजलेलं अंतर खोटं ठरतं. फळीखालचा बर्फ मधूनमधून तपासा. आडवा झाल्यावर बंद होणारा हीटर असला तरी हळूहळू कलणारा हीटर बंद होईलच असं नाही. गळ, दोऱ्या, वाळत टाकलेले मोजे हीटरच्या वर नकोत. मोजे तर सगळेच टांगतात.

जनरेटर लावून विजेचा हीटर चालवला तर?

आत ज्योत नाही, ही जमेची बाजू. पण जनरेटरचा धूर कोणत्याही हीटरपेक्षा विषारी. तो तंबूपासून किमान ६ मीटर, तंबूवरून वारा ज्या बाजूला जातो त्या अंगाला, धुराचं तोंड पलीकडे करून. वारा फिरला की जागा बदला. नुसत्या बॅटरीवर विजेचा हीटर चालवायचा विचार सोडा: एक किलोवॅट-तासाची जड बॅटरी एक किलोवॅटचा हीटर जेमतेम तासभर चालवते.

आग लागली तर?

तंबूचं कापड वितळत जळतं आणि फार वेगाने. विझवायच्या भानगडीत पडण्याआधी माणसं बाहेर. मोठ्या तंबूला दोन दारं असतात, दुसरं दार सामान लावून बंद करू नका. चेन गोठते, म्हणून अर्ध्या तासाने एकदा दोन्ही चेन वर-खाली करून बघा. दाराशी हाताला लागेल असा चाकू ठेवा, कापड फाडून निघायला. अग्निशामक कोरड्या पावडरचा आणि उणे तापमानात चालणारा हवा, तोही दाराशी. पळताना आतली भोकं विसरू नका. वापरात नसलेल्या भोकांवर झाकण ठेवा.

तापवल्याने खालचा बर्फ पातळ होतो का?

वरचा थर ओला होतो, भोकं रुंदावतात, पण एका रात्रीत जाड बर्फ धोक्यात येईल इतकी उष्णता खाली जात नाही. खरा प्रश्न वजनाचा. माणसं, सामान, सिलिंडर, शेजारी उभ्या गाड्या यांच्या भाराने बर्फ हळूहळू वाकतो आणि भोकांतून पाणी वर येतं. पाणी वर यायला लागलं की पसरा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनाप्रमाणे नव्या, स्वच्छ बर्फावर चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, लहान मोटारीला ९ ते १० इंच जाडी हवी, आणि पांढऱ्या बर्फाला दुप्पट. गिरमिटाने जागोजागी भोक पाडून मोजा, एका ठिकाणची जाडी दुसऱ्या ठिकाणी लागू होत नाही.

आवरताना काय क्रम ठेवावा?

आधी सिलिंडरची चावी बंद करा आणि नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या. मग हीटर बाहेर बर्फावर फळीवर ठेवा. तो गार होईपर्यंत गळ, खुर्च्या, फोम आवरा. तंबू शेवटी. हीटर कोमट असताना तंबूच्या पिशवीत कोंबला की कापडाला तव्याएवढं भोक पडतं. बाहेरची भोकं फांदी किंवा बर्फाचे ढेकूळ रोवून दाखवून ठेवा, मागून येणाऱ्याला ती दिसली पाहिजेत.